मशीन बंद असताना

"आपले जग हलवले आहे. नवा पत्ता खाली दिला आहे. सर्वांनी तिथेच यावे." मेसेज एवढाच होता. दुपारची डुलकी झाली होती, चहा झाला होता, टेबलाखालच्या मशीनचा पंखा सुरुवातीची खरखर संपवून नेहमीच्या घरघरीवर आला होता, आणि तो रोजच्यासारखा खेळातलं जग उघडून धरणाच्या भिंतीवर जाऊन उभा राहिला होता. म्हणजे पडद्यावरचा तो, निळ्या सदऱ्यातला चौकोनी माणूस. खाली पाणी, पलीकडे कालवा, कालव्याच्या कडेने त्यानेच ओळीत लावलेले दिवे. मित्रांपैकी अजून कुणी आलं नव्हतं. पंप वेळेवर कधीच येत नसे, पण धाकटा तरी यायचा. मग बाजूला ठेवलेला फोन थरथरला आणि धाकट्याकडून हे आलं. त्याने वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. 'यावे' म्हणे. उभी हयात परिपत्रकं टाईप करण्यात गेली की माणूस मित्रांनाही 'यावे' लिहितो. आणि हलवलं म्हणजे काय? जग तर इथे होतं, टेबलाखाली, त्याच्या पायाच्या बोटांना त्याची ऊब लागत होती. न विचारता कुणी हलवेल कसं? मग लख्खकन आठवलं. गेल्या आठवड्यात धाकट्याने प्रत मागितली होती. "अहो, तुमचं मशीन जुनं झालंय. उद्या काही झालं तर? एक प्रत माझ्याकडे असू द्या." आणि तो हरखला होता. आपल्या मशीनची कुणाला तरी काळजी आहे म्हणून चक्क हरखला होता. सगळं जग नीट गुंडाळून, सोबत 'जपून ठेव' असं लिहून, त्याने आपल्या हाताने पाठवून दिलं होतं. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती टूंटूं करत राहिली आणि त्याला वाटलं, ही गाडीसुद्धा मला हसते आहे.

चौघंही पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले. तो आरेखक. निवृत्त होऊन इतकी वर्षं लोटली तरी मित्र त्याला आरेखकच म्हणत. पंप हा पंपघराचा इंजिनियर, बोलणंही तसंच, धक्के देत आणि इमारतीला ऐकू जाईल असं. धाकटा टंकलेखक, वयाने सगळ्यांत लहान. आता तोही आजोबा झाला होता, पण धाकटाच राहिला होता. आणि टेप, मोजणीदार, ज्याच्या खिशात लग्नाच्या फोटोतही टेप होती आणि जो उन्हात पिवळी टोपी घालून तोंडातल्या तोंडात पावलं मोजत चालायचा. वरच्या टेकड्यांत धरण बांधून पाणी उताराने शहरात आणायची एक योजना होती. टेपने ती मोजली, आरेखकाने काढली, पंपाने तिचे आकडे बसवले, धाकट्याने ती टाईप केली. मंजूरही झाली. मग कपाटात गेली आणि तिथेच राहिली. सगळे निवृत्त होऊन शहराच्या चार टोकांना पांगले. धाकट्याच्या सुनेने हा ठोकळ्यांचा खेळ दाखवला, आपलं आपण जग करायचं, घरबसल्या मित्रांना आत बोलवायचं, तेव्हा पंप पहिल्याच दिवशी ओरडला होता, "अरे, इथे मंजुरी कुणाची लागत नाही!" त्यांनी ती योजना बांधली. भिंत, सांडवा, कालवा, टाकी. टेप टेकडी चढून जायचा, पावलं मोजायचा, खालून आरेखक नकाशा सुधारायचा. त्या दिवसांत दुपारी असं व्हायचं की शेजारच्या खोलीत बायको हाक मारते आहे हे त्याला ऐकू यायचं, कळायचं, पण तिथून इथवर यायला वेळ लागायचा.

जग ठेवायचं कुठे, हा प्रश्न तेव्हाच आला होता. कुणाच्या तरी मशीनवर ते राहायला हवं, आणि ज्याच्या मशीनवर राहील ते मशीन चालू असेल तेवढाच वेळ बाकीच्यांना आत येता येईल. पंपाच्या मशीनवर नातवंडांचा दंगा. टेपचं मशीन मध्येच मान टाकायचं. धाकटा म्हणाला, भाड्याचं मशीन मिळतं, कुठेतरी दूर असतं, कधी बंद होत नाही. "कुठेतरी म्हणजे कुठे?" आरेखकाने विचारलं होतं. ते धाकट्याला सांगता आलं नव्हतं. मग राहिला आरेखक. त्याने ते टेबलाखाली घेतलं आणि त्या दिवसापासून दुपारचा चहा ते दिवेलागण अशी वेळ बांधून दिली. आपण होऊन कधी चुकवली नाही. बायकोच्या भावाकडच्या लग्नातून तो जेवण अर्धवट टाकून आला होता. ताप आला तेव्हा जग बंद राहिलं आणि पंप रोज फोन करून विचारायचा, "कसा आहेस? बरा कधी होतोस?" हा प्रश्न आपल्याला आहे की मशीनला, हे त्याला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. जाताना तो नेहमी शेवटचा. एकेक जण 'चला' म्हणून नाहीसा व्हायचा, मग तो भिंतीवरून एक फेरी मारायचा आणि जग मिटायचा. ते मिटलं की थांबायचं. कालव्यातलं पाणी होतं तिथे, पीक अर्धं पिकलेलं असलं तर अर्धंच. दुसऱ्या दिवशी जिथे सोडलं तिथून पुढे. हे त्याला फार आवडायचं. बाहेरच्या जगात कुठलीही गोष्ट सोडली तिथे सापडत नाही.

टेप गेल्यावर धाकट्याने भाड्याचा विषय पुन्हा काढला. फोनवर तिघांनी बोलायचं ठरलं. धाकटा म्हणाला, नाहीतर तुमच्याच घरी एक लहान डबा बसवू, पुस्तकाएवढा असतो, दिवसरात्र चालू राहतो, विजेचंही काही नाही. आरेखक म्हणाला, "मी विचार करून सांगतो." आणि तो विचार करत होता, खरोखर करत होता. एकीकडे परक्याचं कोठार, ज्याचा मालक उद्या कुलूप लावून गेला तर दाद कुणाकडे मागायची? दुसरीकडे हा डबा, रात्रंदिवस जागा. दोन्हींत एकच खोट होती, जग थांबणार नव्हतं. आपण कुणी नसताना पाणी वाहत राहणार, दिवस उगवून मावळणार, बघायला चिटपाखरू नाही, आणि टेपचं ते घर तसंच उभं राहणार, कुणी राखायला नसलेलं. धरणाच्या वर टेकडीवर टेपने स्वतःसाठी एक घर काढलं होतं. भिंती झाल्या होत्या, छप्पर झालं होतं, एक पायरी झाली होती, दाराच्या जागी नुसती पोकळी. ती तशीच राहिली. "आणि टेपचं घर?" असं त्याने त्या दिवशी फोनवर विचारलं तेव्हा दोघंही गप्प बसले होते. पंप मग म्हणाला होता, "बघू." त्या गप्प बसण्याचा अर्थ त्याने संमती असा घेतला होता. शब्दन् शब्द कागदावर आल्याशिवाय रेघ न ओढणारा माणूस मी, त्याला वाटलं, आणि नेमका इथे गप्पपणावर विसंबलो.

"अहो, जेवताना तरी ते जग खाली ठेवा," रात्री बायको म्हणाली.

"मला विचारलं नाही."

"काय?"

"माझं जग, आणि मला न विचारता हलवलं."

"तुमचं कसं? चौघांचं होतं ना?"

"सांभाळलं कुणी?"

"मी," ती म्हणाली. "केर काढताना रोज त्या वायरी कोण उचलतं? भाजी वाढू का अजून?"

त्याने ताट सारलं. मग हात न धुता तसाच पंपाला फोन लावला, आणि पंप "बोल रे" म्हणायच्या आत म्हणाला, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू उपसमिती नेमली असतीस."

"मी नाही म्हणालो नव्हतो."

"हो तरी कधी म्हणालास? आरेखक, तू नाही म्हणत नाहीस रे, तोच तर घोटाळा आहे. तू पेन्सिलीला टोक काढत बसतोस. टोक होईपर्यंत माणसं मरतात."

"कोण मेलं?" तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी जीभ चावली. "मूळ माझ्याकडे आहे," तो घाईने म्हणाला. "तुम्ही नेली ती प्रत."

"मग बस मुळात. एकटाच बस." आणि लगेच पंप स्वतःला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाला, "हे बघ, उद्या सकाळी ये तिथे. सकाळीच ये."

"सकाळी कशाला?"

"ये तर खरा." आणि फोन ठेवला.

त्या रात्री झोप येईपर्यंत तो मुळातच बसला. भिंतीवरून चालला, कालव्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला. सगळं जागच्या जागी होतं. पिशवीत त्याचा नकाशा होता, हत्यारं होती, टेपने दिलेलं होकायंत्र होतं. टेप म्हणाला होता, "घे, तुला कागदावर उत्तर कळते, जमिनीवर कळत नाही." किती आगाऊपणाचं बोलणं, आणि किती दिवस ते त्याला पुरलं होतं. कचेरीत मूळ नकाशा कापडी कागदावर काढायचे. आरेखकाचा जीव त्यात असायचा, शाईचा एक ओघळ आला तर तो रात्री जेवायचा नाही. पण मूळ कधी जागेवर गेलं नाही. त्याच्या निळ्या प्रती निघायच्या, त्या चिखलाच्या हातांत जायच्या, घडीवर फाटायच्या, चहाचे डाग पडायचे, आणि जे काही बांधलं जायचं ते त्या निळ्या प्रतींवरून. मूळ कपाटात स्वच्छ राहायचं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच? पण ठाऊक असलेलीच गोष्ट दुसऱ्याने आपल्याला करून दाखवावी, यासारखा उद्धटपणा नाही.

सकाळी या खोलीत उजेड वेगळ्या बाजूने येतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. टेबलावरची धूळ दिसत होती. त्याने नवा पत्ता एकेक अक्षर बघत घातला, मनात म्हणाला, उघडणार नाही, आणि ते उघडलं. कुरण, लहानसं तळं, बाजूला कुंपण. त्याने ओळखलं. चौघं अगदी पहिल्यांदा जिथे उतरले होते ती जागा. कुंपण त्यानेच घातलं होतं, पुढे कुणी नवीन आलं तर हरवू नये म्हणून. नवीन कुणी कधी आलं नव्हतं. त्याने पिशवी उघडली. रिकामी. नकाशा नाही, हत्यार नाही, होकायंत्र नाही. त्याने ती मिटून पुन्हा उघडली आणि मग तिथूनच धाकट्याला फोन लावला. "माझं सामान कुठे आहे?"

"अरे बाप रे. थांबा हं, सुनेला विचारतो." पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुजबुज झाली. धाकटा परत आला तो चाचरत. "ती म्हणते, ज्याच्या मशीनवर जग असतं त्याचं सामान मालकाच्या वेगळ्या कप्प्यात राहतं. पाहुण्यांचं ज्याच्या त्याच्या नावाने. भाड्याच्या मशीनला कुणी मालक नसतो ना, सगळे पाहुणेच. म्हणून आमचं जसंच्या तसं आलं. तुमचा कप्पा... तो ते मशीन उघडतच नाही म्हणे. ती काहीतरी करेल. तिच्या लक्षात नाही आलं. आमच्या कुणाच्याच नाही."

कुणाच्याच नाही. तो फोन कानाला तसाच धरून बसला. म्हणजे पंप सांडव्यावर होता तिथे सांडव्यावर आहे. धाकटा टाकीपाशी होता तिथे टाकीपाशी. टेपसुद्धा, मेलेला टेपसुद्धा आपल्या नावाने, आपल्या सामानासकट इथे कुठेतरी आहे. आणि मी, धडधडीत जिवंत, ज्याने हे सगळं इतके दिवस पायाशी घेऊन उबवलं, तो वेशीवर रिकाम्या हाताने. स्वागताचं कुंपण माझ्यासाठीच घालून ठेवलं होतं म्हणायचं मी. त्याला एवढा संताप आला की हसूच फुटलं, आणि ते हसू पलीकडे ऐकू गेलं असावं, कारण धाकटा घाबरून म्हणाला, "अहो, बरे आहात ना?" त्याने फोन ठेवला. आता हे सगळं बंद करून आपलं मूळ उघडायचं आणि या पत्त्याचं नावही घ्यायचं नाही. त्याचा हात त्यासाठी पुढे झालाच होता.

तेवढ्यात कालव्याच्या वाटेने पिवळी टोपी येताना दिसली.

त्याचा हात तसाच राहिला. टोपी दिव्यांच्या ओळीने येत होती. टोपीखाली टेपचा खाकी सदरा, डोक्यावर टेपचं नाव. हे सारं खोटं आहे, चौकोनी ठोकळे आहेत, हे त्याला कळत होतं, आणि तरी तो खुर्चीतून अर्धा उठला होता, कचेरीत टेप उन्हातून आत आला की पाण्याचा तांब्या द्यायला उठायचा तसा. मग टेप एका दिव्याच्या खांबाला धडकला. मागे सरला. पुन्हा त्याच खांबाला धडकला. आणि मग अगदी सावकाश, कड सोडून, कालव्यात पडला. टेप आयुष्यात कधी कशाला धडकला नव्हता. पडद्याच्या खालच्या कडेला टेपच्या नावापुढे एकेक अक्षर उमटू लागलं. भाऊजी मी आहे. पाठोपाठ फोन वाजला.

"भाऊजी, दचकलात का हो?" टेपची बायको बोलत होती. "थांबा, फोन मोठ्या आवाजावर ठेवते. दोन्ही हात गुंतलेत माझे. आधी मला सांगा, पाण्यातून वर कसं यायचं?"

"लांबट बटण दाबून धरा. खालचं," तो म्हणाला. "वहिनी, तुम्ही... तुम्ही इथे कधीपासून?"

"चार-सहा दिवस झाले असतील. ह्यांच्यामागे मशीन तसंच पडलं होतं. सकाळी घर खायला उठतं. म्हटलं, बघू तरी एवढं काय करायचे हे. उघडलं की आपलं एकच, 'जग सापडत नाही'. रोज तेच. मला वाटलं, माणूस गेलं की नाव कमी करतात, तसं तुम्ही लोकांनी ह्यांचं..."

"वहिनी!" तो जवळजवळ ओरडला.

"अहो, वाटलं. काय करू? मग धाकट्यांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, नाव आहे, पण आरेखकांचं मशीन दुपारी लागतं. दुपारी माझा शिवणवर्ग. ते म्हणाले, बघतो काहीतरी. वर आले बघा मी! काय गार वाटलं असेल नाही ह्यांना?"

"मला विचारायचं होतं," तो म्हणाला. "मला सांगायचं. सकाळी लावलं असतं. मी काय परका आहे?"

"रागावला असता."

"मी?" तो रागावून म्हणाला. "मी कशाला रागावेन?"

ती हसली. जुनी ओळख असलेली माणसं हसतात तसं, उत्तर न देता. आणि त्याला तो नवाच संताप आला, पहिल्यापेक्षा मोठा, कारण तो नेमका कुणावर काढायचा ते कळेना. बंद दारापुढे ही बाई रोज सकाळी उभी राहून जात होती, आणि दार बंद होतं कारण तेव्हा तो आरामात पेपर वाचत होता. त्याने काही केलं नव्हतं. काहीसुद्धा केलं नव्हतं. जग थांबवून ठेवलं होतं फक्त, जपून, त्यांच्यासाठीच.

"हात रिकामेच दिसतायत तुमचे," वहिनी म्हणाली. "थांबा, ह्यांच्या पिशवीत पाव आहेत, देते." टेपने हात हलवला आणि गवतात एक फावडं येऊन पडलं. "अगं बाई. राहू दे, घ्या फावडं. चला, घर दाखवते तुम्हाला. वाट मला आता पाठ झालीय."

वाट त्यानेच आखली होती. चढ किती, वळण कुठे, सगळं. तो फावडं घेऊन पिवळ्या टोपीच्या मागे मागे निघाला. ती दर वळणाला चुकत होती आणि तो काही बोलत नव्हता. वर पोचल्यावर तो थांबला. पोकळीच्या जागी दार होतं. लाकडी, तांबूस. किती दिवस तो त्या पोकळीसमोर उभा राहून मग जग मिटत असे. तिच्यातून आतली रिकामी भिंत दिसायची, आणि त्याला वाटायचं, टेपने अर्धं वाक्य टाकलं आहे, ते पुरं करायचा अधिकार कुणाला नाही.

"दार कुणी लावलं?"

"मी. इथलं मला एवढंच जमलं. ह्यांना दार कधी सुचलंच नाही बघा. घरीही तेच. दूध आणायला गेले की दार सताड उघडं, शेजारचं मांजर स्वयंपाकघरात. तीस वर्षं मागून जाऊन मीच लावत आले." ती आत गेली आणि दार लागलं. तो पायरीवर उभा राहिला. इतक्या वर्षांत तो या जगात कधी कुठल्या दाराबाहेर थांबला नव्हता. थांबावं लागेल असं काही त्याच्या नकाशात नव्हतंच. "या ना," फोनमधून आवाज आला, "कडी कुठेय त्याला? अच्छा, थांबा, मीच उघडते." दार बाहेरच्या बाजूला उघडलं आणि त्याला धक्का देऊन पायरीवरून खाली लोटून गेलं.

"लागलं का?"

"नाही," तो म्हणाला. "ठोकळ्यांना काय लागणार?" तो पुन्हा वर चढला, आत गेला. खोलीत काही नव्हतं. खिडकीतून धरण दिसत होतं, पाणी उजेडात हलत होतं, आणि त्याच्या ध्यानात आलं की टेपने खिडकी बरोबर धरणाच्या भिंतीच्या मध्यरेषेवर धरली होती. हे बाहेरून कधी दिसलं नव्हतं. "माझं दूध उतू जाईल हो," वहिनी म्हणाली. "मी पळते. तुम्ही बसा हवं तेवढं." पिवळी टोपी गेली. त्याचा हात सवयीने जग मिटायला गेला, शेवटचा माणूस गेला की जातो तसा, आणि थबकला. मिटायचं काही नव्हतंच. तो गेला असता तरी पाणी तसंच हललं असतं. हे त्याला अपमानासारखं वाटलं, आणि तरी तो बराच वेळ तिथून उठला नाही.

स्वयंपाकघरात बायको शेंगा मोडत होती. "झालं का भांडण?"

"दार चुकीच्या बाजूला उघडतंय."

"कुठलं?"

"टेपच्या घराचं. बाहेर उघडतं, पायरीवर. येणाऱ्या माणसाला धक्का बसतो. इतकी साधी गोष्ट. कुणी मला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण विचारतंय कोण!"

"मग आता सांगा की त्यांना."

"सांगणारच आहे. उद्या सकाळी वहिनी येतील तेव्हा सांगतो. सोडतो की काय!"

त्याने विजेच्या बिलाचं जुनं पाकीट ओढून घेतलं, फळीवर चाचपून पेन्सिल काढली. टोक मोडलेलं होतं. टोक काढत न बसता त्याने तशाच बोथट पेन्सिलीने दोन भिंती ओढल्या, मधे जागा सोडली, आणि दार आतल्या बाजूला वळवणारा कंस काढला, इतका दाबून की तो खालच्या टेबलावरही उमटला.